झाकणावरची गाठ

मित्रांनो, माझं बूड बघून नाक मुरडू नका. काळं आहे ते काळंच राहणार. राखेने घासा, विटेच्या भुकटीने घासा, आता ते काही उजळायचं नाही. मी जर्मनचा टोप. जर्मन म्हणजे सातासमुद्रापलीकडचा वगैरे नव्हे हो! आमच्या डोंगरावर अॅल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात. माझ्या पोटाला एका अंगाने पोचा आलाय, काठ एके ठिकाणी वाकलाय, आणि माझ्यावर बसतं ते झाकण मुळात माझं नाहीच. ते कुठल्यातरी दुसऱ्याच टोपाचं. पण इतकी वर्षं एकत्र काढल्यावर आता कोण विचारतंय?

माझा जन्म कुर्ल्याकडच्या एका लहानशा कारखान्यात झाला. पत्र्याची चकती गरगर फिरवून, वरून दाबून दाबून मला पोट काढलं. त्या वेळची आठवण म्हणाल तर एवढीच, की डोकं फार गरगरलं. मग एका बोहारणीच्या पाटीत बसून मी दारोदार हिंडलो. बोहारीण म्हणजे जुने कपडे घेऊन त्या बदल्यात भांडी देणारी बाई. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरावर रुक्मिणी नावाच्या बाईने नवऱ्याच्या विरलेल्या विजारी आणि स्वतःचं एक लुगडं देऊन मला घेतलं. घेताना बोहारणीशी अशी कडाकडा भांडली, की मला वाटलं, आता ही मला उचलून तिच्याच डोक्यात घालते. पुढे कळलं, रुक्मिणीचं बोलणंच तसं. आवाज मोठा आणि मन लोण्याचं.

तिच्या घरी मी काय नाही केलं? भात शिजवला, पेज शिजवली, गणपतीत खीर केली. ती मूळची देवगडकडची. नवरा गेल्यावर मुलगा दशरथ हाच तिचा आधार. दशरथ गिरणीत होता, पण तो मोठा संप झाला आणि गिरणी सुटली. मग तो साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये लागला. त्याची बायको प्रेमा. पोरगी गोड, पण बोलायला फटकळ, म्हणजे सासूला साजेशीच.

मी सांगतोय ती गोष्ट चौऱ्याऐंशी सालातली. प्रेमाला दिवस गेले होते. तिचं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी झालं होतं. हे दुसरं, म्हणजे सासरी. आणि सासरी म्हणजे रुक्मिणीच्या अंगावर. सगळ्या वाडीला आनंद झाला, पण रुक्मिणीच्या तोंडचं पाणी पळालं. का, ते बाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. भांडी घासताना ती भांड्यांशी बोलायची ना!

दशरथाच्या आधी एक आणि दशरथानंतर एक, अशी रुक्मिणीची दोन मुलं गावाला असतानाच देवाघरी गेली होती. दोन्ही जन्मली तेव्हा चांगली धडधाकट. आठवडा भरायच्या आतच दूध ओढेनाशी झाली, जबडा मिटला, अंग मागे वाकलं, आणि गेली. गावात लोक म्हणाले, बाहेरचं झालं. कुणी म्हणालं, हिच्या हातालाच काहीतरी खोट आहे. बाकी सगळं ती विसरली, पण हाताचं ते बोलणं तिच्या मनात रुतून बसलं. तेव्हापासून तिने कुणाचं ओलं बाळ हातात घेतलं नाही. शेजारी बारसं असलं, की ती लांब दारात उभी राहून घुगऱ्या खायची आणि लगेच परत यायची. लोक म्हणायचे, भारी शिष्ट आहे. शिष्ट कसली, बिचारी भीत होती!

आमचा डोंगर असा उभा, की पोटुशी बाई खाली उतरवायची म्हणजे खुर्चीत बसवून, माणसांनी खांद्यावर घेऊन. त्यामुळे वाडीतली पुष्कळशी बाळंतपणं घरातच व्हायची. डोंगराच्या पायथ्याशी दवाखाना होता, तिथल्या नर्स वनमालाबाई घरोघर फिरत. त्यांनी प्रेमाला तपासलं आणि म्हणाल्या, "सगळं ठीक आहे. घरी करू. पण अडलं तर खाली न्यायचं, तेव्हा हयगय नाही." मग त्यांनी प्रेमाला रागे भरलं. कारण तिने धनुर्वाताची एकच सुई घेतली होती. दुसरीच्या वेळी बाईसाहेब मोठ्या मुलीला आजोळी पोचवायला गावी जाऊन बसल्या होत्या.

"आता सगळा भार स्वच्छतेवर," वनमालाबाई म्हणाल्या. "नीट ऐका, मावशी. नाळ कापायला विळा नाही, बांबूची कामटी नाही. नवं पातं. नाळ बांधायला नवा दोरा. दोन्ही उकळलेलं. नाळेवर राख नाही, तेल नाही, काही नाही. मळके हात लागले, मळका दोरा लागला, की धनुर्वाताचं विष नाळेतून आत शिरतं. मग आठवड्याच्या आतच मूल दूध ओढायचं थांबतं, जबडा मिटतो."

रुक्मिणी तेव्हा मलाच घासत होती. तिचा हात थांबला. राखेचा बोळा माझ्या काठावर तसाच राहिला. तिने मान वर केली नाही, काही विचारलं नाही. वनमालाबाई गेल्या, प्रेमा आत गेली, तरी ती तशीच मोरीत बसून होती. मग तिने मला इतक्या जोराने घासायला घेतलं, की माझा तो पोचा आणखी आत गेला.

त्या दिवसापासून घरात जी तयारी सुरू झाली, ती काय वर्णावी! जुनं सुती कापड म्हणजे सोनं झालं. बोहारीण दारात आली, तर रुक्मिणीने तिला दारातूनच घालवली. "आता काय्येक मेळाचा नाय. पुढल्या वर्षी ये." जुनी धोतरं, विरलेली लुगडी, दशरथाचे फाटके गंजीफ्रॉक, सगळं माझ्या पोटात उकळलं. मग छपरावर कडक उन्हात वाळलं, आणि कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत गेलं. त्यातून दुपटी झाली, लंगोट झाले, टोपडी झाली. अंथरायला मेणकापड आलं. ओवा, बाळंतशेपा, आळीव डब्यांत भरले. शेकायला शेगडी आणि कोळसे आले. प्रेमाची कंबर फार दुखायची, म्हणून सरबताची रिकामी बाटली धुऊन ठेवली. तिच्यात गरम पाणी भरायचं आणि वरून दशरथाचा जुना मोजा चढवायचा. तुळईला एक जाड लुगडं दुहेरी करून बांधलं, कळा देताना धरायला. प्रेमाने अंथरूण खिडकीपाशी मागितलं, तिला वारा हवा होता. तिथे विमानं अगदी छपरावरून गेल्यासारखी जायची, पण ती म्हणाली, असू दे.

एकाच गोष्टीवर घोडं अडलं. बाळाच्या आधी बाळासाठी नवी वस्तू घरात आणायची नाही, अशी त्यांच्याकडची रीत. आणि पातं नवं हवं, दोरा नवा हवा! रुक्मिणी दोन्ही बाजूंनी कात्रीत सापडली. शेवटी शेजारच्या द्रौपदीने तोडगा काढला. "माझ्या घरात ठेव गो. माझ्या घरात खंय कोण बाळंत होतासा?" झालं! बाळाचं पातं आणि दोरा शेजारच्या घरात, साखरेच्या डब्यामागे पाहुण्यासारखे राहिले. द्रौपदीही कोकणातलीच. उत्साह दांडगा, तोंडाला कुलूप नाही, आणि मदतीला न बोलावता हजर.

मित्रांनो, आता तो दिवस ऐका. दशरथ कामावर गेला आणि थोड्याच वेळात प्रेमाने भिंत धरली. रुक्मिणी जराही गडबडली नाही. तिने द्रौपदीकडून पातं आणि दोऱ्याची लडी आणली, फडक्याचे तुकडे घेतले, सगळं माझ्यात टाकलं, वर पाणी ओतलं आणि स्टोव्हला पंप मारला. मी रटरट उकळलो. मग तिने झाकण दाबून पाणी ओतून टाकलं आणि झाकणासकट मला एका उकळलेल्या फडक्यात बांधलं. वर घट्ट गाठ मारली. तिच्या कपाळावर घाम होता, पण चेहऱ्यावर समाधान होतं.

वनमालाबाई आल्या. त्यांनी हात धुतले, प्रेमाला तपासलं. "चांगलं चाललंय, पण अजून वेळ आहे. वरच्या आळीत एक पहिलटकरीण बसली आहे, तिला बघून येते." जाताना त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही गाठ मी सोडीन. मी येईपर्यंत दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मावशी, हे तुमच्यावर."

"जीव गेलो तरी हात लावूचंय नाय," रुक्मिणी म्हणाली.

दुपार झाली. ऊन छपरावर तापलं. सुरुवातीला प्रेमा लुगड्याला लोंबकळून जोर देत होती, ओरडत होती, सासूला आणि नवऱ्याला नावं ठेवत होती. रुक्मिणी तिच्या कमरेला बाटलीचा शेक देत होती, घोट घोट पेज पाजत होती. आणि मग हळूहळू प्रेमाचं ओरडणं कमी झालं. कळा लांबल्या, विरळ झाल्या. तिचे हात लुगड्यावरून सुटले आणि ती अंथरुणावर पडून राहिली. ओठ पांढरे पडले होते.

"कळा मोडले गो," द्रौपदी हळूच म्हणाली. एवढी बडबडी बाई हळू बोलली, तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी बिघडलंय.

रुक्मिणी दारात धावली आणि वरच्या घरांकडे बघून ओरडली, "नर्सबायक सांगा! आमची अडली!" तो निरोप दारातून दारात ओरडत वर गेला. तसाच ओरडत खाली परत आला. "येतेय म्हणतात! वरचीचं डोकं दिसतंय! धीर धरा!" खुर्चीचं म्हणाल, तर दिवसाच्या वेळी डोंगरावर धड माणूस नव्हता. सगळे कामावर. दशरथाला बोलवायला कुणीतरी गेलं होतं, पण साकीनाका काय शेजारी आहे?

रुक्मिणीची जाऊ गावाला अशीच बाळंतपणात अडून गेली होती. तिची आठवण त्या घरात त्या क्षणी रुक्मिणीला झाली नसेल, असं होणारच नाही. 

"गाठी सोड," द्रौपदी म्हणाली. "घरात कसलीच गाठ ऱ्हवता नये. कुलपां उघड. बाई अडली की सगळा सुटा करूचा, विसरलंस?"

मित्रांनो, ही त्यांच्याकडची जुनी समजूत. घरातली गाठ सुटली की बाईचीही सुटका होते म्हणतात. हसू नका. हातात दुसरं काही नसलं, की माणूस जे हाती येईल ते करतो. दोघीजणी घरभर सुटल्या. प्रेमाचा अंबाडा मोकळा केला. ट्रंकेचं कुलूप काढलं. कपडे वाळत घालायची दोरी सोडली, तांदळाच्या गोणीची सुतळी सोडली, लोणच्याच्या बरणीवरचं दादऱ्याचं फडकं सोडलं. दशरथाच्या बुटांच्या नाड्यासुद्धा सोडल्या! द्रौपदीची नजर तुळईच्या लुगड्याकडे गेली, तशी प्रेमा पडल्यापडल्या ओरडली, "ते सोडलंत तर बघा! मी काय हवेला धरू?" शेवटी रुक्मिणीने कोपऱ्यातली केरसुणी उचलली आणि तिची बांधलेली मूठही सोडून टाकली. घरभर हीर पसरले.

तरी प्रेमाला कळ आली नाही.

मग द्रौपदी माझ्याकडे बघू लागली.

"तो नको," रुक्मिणी म्हणाली.

"तीच गाठ ऱ्हवली हा."

"नर्सबाय सांगान गेली हा. पोराचा कायतरी झाला तर?"

"आणि पोराच्या आईचा झाला तर?" द्रौपदीच्या डोळ्यांत पाणी होतं. ती दुष्टपणाने बोलत नव्हती.

रुक्मिणीने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा प्रेमाकडे. प्रेमाने डोळे मिटले होते. मी आतून ओरडत होतो, नको गं बाई, नको! पण टोपाचं कोण ऐकतो? देवाने मला तोंड दिलं, तेही यांनी झाकण घालून बांधून ठेवलेलं! रुक्मिणीची बोटं गाठीवर आली. गाठ तिने स्वतः मारलेली, लवकर सुटेना. तिने दात लावून ती सोडली आणि झाकण काढलं.

द्रौपदी आत डोकावली. "अगो, लडीक पण गाठ आसा!"

आणि रुक्मिणीचा हात माझ्या पोटात शिरला. तोच हात, केरसुणी सोडलेला. तिने दोऱ्याची लडी बाहेर काढली आणि तिची गाठ बोटांनी मोकळी केली.

तेवढ्यात वरून विमान गेलं. सगळं घर थरथरलं. त्या आवाजातच प्रेमाने लुगड्याला हात घातला आणि अशी किंकाळी फोडली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. कळ आली होती. सणसणीत कळ! तिच्यामागून दुसरी.

"सुटली! सुटली गो!" द्रौपदी नाचायचीच बाकी होती. "माका ठावक होता!"

आता कळ गाठ सोडल्याने आली, की जरा पडून प्रेमाच्या अंगात पुन्हा बळ आल्याने आली, ते तुम्हीच ठरवा. मी टोप आहे. पण रुक्मिणी नाचली नाही. ती हातातल्या दोऱ्याकडे बघत होती. पांढऱ्याशुभ्र दोऱ्यावर तिच्या बोटांचे काळे डाग उमटले होते.

 मला वाटलं, ही आता इथेच कोसळते.

"टाक आत नि बांध परत," द्रौपदी कुजबुजली. "कोणाक कळतला?"

रुक्मिणीने दोरा आत टाकला. झाकण लावलं. फडकं ओढलं आणि पहिल्यासारखीच गाठ मारली. मित्रांनो, मी तुम्हाला खरं सांगतो, आयुष्यात माझ्यात आंबलेला भात पडून राहिला, कोळसे पडून राहिले, पण तेव्हा आतला तो दोरा मला जसा झोंबला, तसं काही झोंबलं नाही.

वनमालाबाई धापा टाकत आत आल्या. त्यांनी प्रेमाकडे बघितलं मात्र, साडीचा पदर खोचला. "आता वेळ नाही. वरच्या घरात माझ्याकडचं सगळं सामान वापरून झालं. तो टोप द्या इकडे. गाठ कुणी सोडली नाही ना?"

"छे छे!" द्रौपदी म्हणाली. "आम्ही कित्या सोडू?"

वनमालाबाईंनी हात धुतले आणि माझ्याकडे हात पुढे केला. रुक्मिणीने मला उचललं.  तिने मला पुढे केलं, आणि मग एकदम छातीशी घट्ट धरलं.

"सोडलंय," ती म्हणाली. "मीच सोडलंय. ह्या हातांनी. केरसुणीचे हात आत घातलंय, बाई."

द्रौपदीने तोंडावर हात मारला. प्रेमाने कळ देता देता सासूकडे पाहिलं. वनमालाबाईंचे डोळे क्षणभर असे मोठे झाले, की मला वाटलं, आता रुक्मिणीची काही धडगत नाही. पण त्या एवढंच म्हणाल्या, "हात धुवा. साबणाने, कोपरापर्यंत. आणि पाणी ठेवा. सगळं पुन्हा."

पुन्हा स्टोव्ह. पुन्हा पंप. द्रौपदीने कळशीतलं पाणी ओतलं आणि रुक्मिणी माझ्यापाशी बसली. मित्रांनो, भाताला मी कधी घाई केली नाही. पण त्या दिवशी मी जाळाला म्हणत होतो, बाबा रे, लाग, लाग लवकर! माझ्या तळाला नुसते बारीक बुडबुडे धरले होते, आणि तिकडे खिडकीपाशी प्रेमाचा शेवटचा आवाज झाला. त्यामागून दुसरा आवाज आला. लहान, चिडका, खणखणीत.

"मुलगी!" वनमालाबाई म्हणाल्या.

त्यांनी ते ओलं लेकरू आईच्या पोटावर ठेवलं आणि वर जुन्या धोतराचं दुपटं घातलं. नाळ तशीच होती, न कापलेली.

"कापा की हो बाई!" द्रौपदीला राहवेना. "धुतलेलो विळो देऊ काय? कापा!"

"गप रव!" रुक्मिणी माझ्यावरची नजर न हलवता ओरडली. "उकळी फुटू दे."

"नाळेला घाई नसते," वनमालाबाई शांतपणे म्हणाल्या. "बाळ आईपाशी आहे, उबेत आहे. थांबू आपण."

उकळी फुटली. द्रौपदी पकड घेऊन पुढे आली, तर रुक्मिणीने तिला हातानेच थोपवलं. "अजून रटरटूक होया. अजून!" मी उकळत राहिलो, माझं झाकण थडथड उडत राहिलं. मग वनमालाबाईंनीच मान हलवली. पाणी ओतून टाकलं, झाकण निघालं, धुतलेले हात आत आले. दोरा बांधला गेला, पातं चाललं आणि नाळ कापली गेली.

"घ्या आजी, नातीला," वनमालाबाई म्हणाल्या.

रुक्मिणीने दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको," ती म्हणाली आणि मोरीकडे वळली.

झालं म्हणून सगळे हसले, दशरथ धावत आला, पेढे आले. पण खरी परीक्षा पुढेच होती, आणि ती फक्त रुक्मिणीला आणि मला माहीत होती. शेगडी पेटली, ओव्याची धुरी झाली, आळिवाची खीर माझ्याच पोटात शिजली. रुक्मिणी सगळं करत होती. फक्त बाळाला हात लावत नव्हती. बाळ दूध प्यायला लागलं, की ती समोर येऊन बसायची आणि त्याच्या तोंडाकडे एकटक बघायची. जबडा हलतोय ना? ओढतंय ना? प्रेमा वैतागायची. "आई, तुम्ही असं बघता, मला लाज वाटते ना!" तरी ती उठायची नाही.

एका सकाळी बाळाने दुधाला तोंड लावलं आणि फिरवून घेतलं. प्रेमाने पुन्हा धरलं, पुन्हा फिरवून घेतलं. रुक्मिणीच्या हातातून मी निसटलो आणि ठणठणत मोरीत पडलो. ती उठून दारापर्यंत गेली, परत आली, भिंतीला टेकून उभी राहिली. ती देवाचं नावसुद्धा घेऊ शकत नव्हती. बाळाने नाक चोळलं, बारीकसं शिंकलं आणि बकाबका दूध प्यायला लागलं. रुक्मिणी तिथेच खाली बसली.

आठवडा उलटला. नाळ वाळून पडली. वनमालाबाई आल्या, त्यांनी बाळाची बेंबी पाहिली, तोंडात बोट घालून बघितलं. बाळाने ते बोटच चोखायला घेतलं. "मावशी, आता काळजी नको," त्या म्हणाल्या. "धोका टळला."

प्रेमा आंघोळीला गेली होती. रुक्मिणीने पदर तोंडाशी नेला आणि पहिल्यांदा विचारलं.

"बाई, माजी दोन गेली. अशीच. आठवड्यात. विळ्यान नाळ कापल्यानी, वर राख लावल्यानी. राख मीच दिलंय होती, चुलीतली. ती... ती तेच्यामुळांच गेली?"

 वनमालाबाईंनी रुक्मिणीचा हात हातात घेतला. "हो, मावशी. तेच असणार. खोटं कशाला सांगू? पण तुमच्या हातात खोट नाही. तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"माका कोणी सांगूकच नाय!" रुक्मिणी म्हणाली आणि धाय मोकलून रडली. किती वर्षांचं ते रडणं होतं, कुणास ठाऊक. प्रेमा ओल्या केसांनी धावत बाहेर आली. वनमालाबाईंनी बाळ उचललं आणि रुक्मिणीच्या मांडीवर ठेवलं. या वेळी तिने हात मागे नेले नाहीत.

त्याला आता बरीच वर्षं झाली. घरात कुकर आला, स्टीलची भांडी आली, आणि माझी रवानगी कोळसे ठेवायला झाली. मला राग यायचा, नाही म्हणत नाही. पण डोंगरावर कुणाला दिवस गेले, की रुक्मिणी मला काढते, घासते आणि काखेत मारून त्या घरी जाते. ती आधी चहा घेत नाही, गप्पा मारत नाही. उंबऱ्यातच उभी राहून सांगते, "माजी दोन गेली. तुजा जाव नये म्हणान सांगतंय. आयक."

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला घासा, न घासा, कोळसे भरा, मी काही बोलणार नाही. पण तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस जुनं काहीतरी घट्ट धरून बसलं असेल, तर त्याला हसू नका, त्याच्यावर ओरडू नका. त्याच्याजवळ बसा, त्याला कशाची भीती वाटते ते विचारा, आणि तुम्हाला जे ठाऊक आहे ते त्याला सांगा. वेळेवर सांगा. रुक्मिणीला कुणी वेळेवर सांगितलं असतं, तर दशरथाला आज एक मोठा भाऊ आणि एक धाकटी बहीण असती.